ध्वनिसंभाषण, इंटरनेटवरील : दोष व निवारण

संगणक किंवा भ्रमणध्वनी यांवरील आज्ञावलींच्या साहाय्याने दोन किंवा अधिक व्यक्तींमध्ये इंटरनेटमार्फत चालणाऱ्या तात्काळ बोलण्याला इंटरनेटवरील ध्वनिसंभाषण म्हणतात. नेहमीच्या दूरध्वनीत बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंतची बहुतेक यंत्रणा एका दूरध्वनी संस्थेच्या ताब्यात असे व दोष उद्‌भवल्यास तो शोधण्याचे कामही तिचेच असे. इंटरनेटवरील संभाषणात मायक्रोफोन एकाचा, यंत्र दुसऱ्याचे, आज्ञावली तिसऱ्याची व वाहिनी चौथ्याची, अशी स्थिती असल्याने दोष शोधण्याचे काम बहुतांशी बोलणाऱ्यांवरच येऊन पडते. ‘नेट खराब आहे’ हे जे सरसकट निदान केले जाते, ते पुष्कळदा चुकीचे असते. मायक्रोफोनची जागा, स्पीकरचा मोठा आवाज, खोलीतील फरशी वा पत्रे, यंत्रातील एखादी परवानगी यांसारखी साधी कारणे त्यामागे असतात. शिवाय या दोषांचे एक वैशिष्ट्य असे की, दोष ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे तो बहुधा नसतो; तो पलीकडच्या व्यक्तीच्या बाजूस असतो आणि तिला मात्र त्याची जाणीवही नसते. या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे.

इतिहास : बोलण्याचे तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून पाठविण्याचे पहिले प्रयोग अमेरिकेत अर्पानेट या जाळ्यावर १९७३-७४ च्या सुमारास झाले. सामान्य माणसाच्या संगणकावर चालणारी अशी आज्ञावली व्होकलटेक या इझ्राएली कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली. परंतु इंटरनेटवरून दूरध्वनीसारखे बोलण्यास भारतात परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही मर्यादित स्वरूपात. स्काइप ही आज्ञावली २००३ मध्ये निघाली. परदेशी गेलेल्या मुलांशी आठवड्यातून एकदा बोलण्याचे साधन म्हणून ती महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांच्या परिचयाची झाली. मे २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. व्हॉट्सॲपवर ध्वनिसंभाषणाची सोय २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतर हा प्रकार शहरांपुरता राहिला नाही. २०२० मधील करोना साथीच्या काळात शाळा, न्यायालये, वैद्यकीय सल्ला व कार्यालयीन बैठका यांचा मोठा भाग या माध्यमावर आला, तेव्हा त्यातील दोष हा केवळ गैरसोयीचा विषय उरला नाही.

ध्वनीचा मार्ग : दोष ओळखण्यासाठी ध्वनी कोणत्या मार्गाने जातो हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विद्युत्‌ संकेतात रूपांतर करतो. या संकेताचे विवर्धन होऊन ठराविक अंतराने त्याचे नमुने घेतले जातात. दर सेकंदास ८,००० नमुने घेतल्यास ४,००० हर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) टिकतात, तर ४८,००० नमुने घेतल्यास मानवी कानाला ऐकू येणाऱ्या जवळजवळ सर्वच कंप्रता टिकतात. यानंतर आज्ञावली गोंगाट कमी करणे, प्रतिध्वनी काढून टाकणे व आवाजाची पातळी सारखी राखणे ही तीन कामे करते. मग ध्वनीचे सामान्यतः २० मिसे. (मिलिसेकंद, १ मिसे. = सेकंदाचा हजारावा भाग) लांबीचे तुकडे पाडून ते संकेतनाने लहान केले जातात व प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटाप्रमाणे स्वतंत्रपणे पाठविला जातो. या पाकिटांना पॅकेट म्हणतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ऑपस ही संकेतन पद्धती सध्या फार वापरात असून ती दर सेकंदास ६ ते ५१० किलोबिट इतक्या विस्तृत मर्यादेत काम करू शकते. ग्राहक बाजूस पॅकेटे उलटसुलट क्रमाने व कमीअधिक उशिराने पोहोचतात. ती थोडा वेळ साठवून, क्रम लावून, पुन्हा ध्वनीत बदलून स्पीकरकडे दिली जातात.

या कामाला लागणारी वाहिनीची क्षमता लोक समजतात त्यापेक्षा बरीच कमी असते. बोलणे दर सेकंदास २४ किलोबिट वेगाने संकेतित केले, तर दर सेकंदास ५० पॅकेटे निघतात. प्रत्येकावरील पत्ता, क्रमांक इ. मजकूर सर्वसाधारणपणे ४० बाइट धरल्यास त्यासाठी आणखी १६ किलोबिट लागतात. म्हणजे एका दिशेस एकूण ४० किलोबिट. तासाभराच्या बोलण्यास एका दिशेने सु. १८ मेगाबाइट. चलच्चित्र पाहण्यास याच्या कित्येक पट क्षमता लागते. तरीही चलच्चित्र सुरळीत दिसते व बोलणे मात्र तुटते, असा अनुभव येतो. याचे कारण असे की, चलच्चित्र काही सेकंद आधीच साठवून ठेवता येते. जे अद्याप कोणी बोललेलेच नाही, ते साठवून ठेवता येत नाही. म्हणून बोलण्याच्या दृष्टीने वाहिनीच्या वेगापेक्षा तिच्या नियमितपणाला अधिक महत्त्व आहे.

निदानाचे तत्त्व : मनमाड–छत्रपती संभाजीनगर या लोहमार्गावरील लासूर स्टेशन (ता. गंगापूर) येथे राहणारे आईवडील व अमेरिकेत न्यू जर्सी येथे नोकरीस असलेला त्यांचा मुलगा यांचे संभाषण उदाहरणादाखल घेऊ. मुलाचा आवाज आईला तुटक ऐकू येत असेल, तर दोष मुलाच्या प्रेषणात, मधल्या मार्गात किंवा आईच्या ग्रहणात असू शकतो. आईने त्याच वेळी दुसऱ्या कोणाशी बोलून पाहिले आणि तो आवाज स्वच्छ आला, तर आईची बाजू निर्दोष ठरते. मुलाचा आवाज तिसऱ्यालाही तुटकच ऐकू आला, तर दोष मुलाकडे आहे हे निश्चित होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची व परिणाम ऐकावयाचा, हा या परीक्षेचा गाभा होय. आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करणे, हेडफोन बदलणे, जागा बदलणे ही तिन्ही कामे एकदम केल्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही व दुसऱ्या दिवशी तो परत येतो.

स्वतःचा आवाज स्वतः ऐकून पाहणे ही दुसरी उपयुक्त परीक्षा आहे. भ्रमणध्वनीतील ध्वनिमुद्रणाच्या सोयीने अर्धा मिनिट बोलून ते ऐकावे. मुद्रणातच आवाज बारीक, घोगरा किंवा गोंगाटयुक्त असेल, तर इंटरनेटला दोष देण्याचे कारण उरत नाही. मुद्रण स्वच्छ असूनही पलीकडे आवाज बिघडलेला पोहोचत असेल, तर शोध पुढील टप्प्यांत घ्यावा. पुष्कळ आज्ञावलींत अशा चाचणीची वेगळी सोयही असते. तिचा वापर मात्र फारच थोडे लोक करतात.

प्रतिध्वनी : आपलेच शब्द क्षणभराने परत ऐकू येणे ही सर्वांत त्रासदायक व सर्वांत गैरसमज निर्माण करणारी तक्रार आहे. मुलगा बोलतो, त्याचा आवाज लासूर स्टेशन येथील भ्रमणध्वनीच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तेथील भिंतींवरून परावर्तित होऊन त्याच यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मुलाकडे परत जातो. प्रतिध्वनी मुलाला ऐकू येतो. तो निर्माण होतो आईवडिलांच्या खोलीत. मुलाने आपल्याकडील हेडफोन कितीही बदलले, तरी त्याचा उपयोग होणार नाही. आईवडिलांनी स्पीकरचा आवाज कमी केला किंवा हेडफोन लावला की प्रतिध्वनी तत्काळ नाहीसा होतो.

अनेकांच्या बैठकीत हेच तत्त्व उलट बाजूने लागू करता येते. एखादी व्यक्ती बोलत असताना सर्वांना तिचे शब्द दोनदा ऐकू येतात; ज्याच्या यंत्रामुळे हे घडते त्याला मात्र ते एकदाच ऐकू येतात. त्यामुळे ‘मला तर काही प्रतिध्वनी येत नाही’ असे जो सांगतो, त्याच्याकडेच प्रथम पाहावे. बैठक चालविणाऱ्याने एकेकाचा मायक्रोफोन क्रमाने बंद केल्यास दोषस्थान निश्चित सापडते. एकाच खोलीतील दोघे दोन यंत्रांवरून त्याच बैठकीत सहभागी झाले, तर एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरून पुनःप्रदाय (बाहेर पडलेल्या संकेताचा काही भाग पुन्हा आत येऊन वाढत जाणे) होतो व कर्कश किंकाळी ऐकू येते. सभामंडपात ध्वनिवर्धक ‘शिट्टी मारतो’ तो हाच प्रकार होय. दोहोंपैकी एका यंत्राचे मायक्रोफोन व स्पीकर दोन्ही बंद करणे हाच यावर उपाय आहे.

प्रतिध्वनी काढून टाकण्याची गणिती युक्ती इंटरनेटपेक्षा जुनी आहे. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीसाठी, पलीकडून आलेल्या आवाजाची अंदाजी प्रतिकृती सतत तयार करून ती बाहेर जाणाऱ्या संकेतातून वजा करणारी योजना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झाली व भारतीय वंशाचे संशोधक मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये तिच्यावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. आजच्या आज्ञावलींत हेच तत्त्व वापरतात. या योजनेला खोलीचा स्वभाव ‘शिकण्यास’ काही क्षण लागतात. म्हणून संभाषणाच्या आरंभी प्रतिध्वनी येऊन मग तो विरतो. यंत्र हातात घेऊन खोलीत फिरणे, स्पीकरचा आवाज मध्येच वाढविणे, वेगळा ब्लूटूथ स्पीकर जोडणे यांमुळे हा अंदाज चुकतो. मराठवाड्यातील शहाबादी फरशीच्या, सामानसुमान कमी असलेल्या व पत्र्याचे छप्पर असलेल्या खोल्यांत अनुरणन (ध्वनी थांबल्यावरही परावर्तनाने रेंगाळत राहणे) बरेच असते आणि ही योजना तेथे अपुरी पडते. अशा ठिकाणी गाद्या, गोधड्या किंवा कपड्यांचे कपाट असलेल्या खोलीत बसून बोलणे हा बिनखर्चाचा व परिणामकारक उपाय आहे. महागडा मायक्रोफोन मोकळ्या खोलीत लावण्यापेक्षा साधा मायक्रोफोन तोंडाजवळ आणणे केव्हाही चांगले.

आवाज मुळीच न जाणे किंवा न येणे : हा दोष दिसण्यास मोठा, पण निवारणास बहुधा सोपा असतो. मायक्रोफोन आज्ञावलीतून बंद ठेवलेला असणे हे नित्याचे कारण आहे. काही हेडफोनांच्या वायरीवरही वेगळे बटण असते व ते चुकून दाबले जाते. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ पासून प्रत्येक आज्ञावलीला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. पहिल्या वेळी घाईत नकार दिला गेल्यास पुढे आज्ञावली मूकच राहते आणि वापरणाऱ्यास त्याचे कारण उमगत नाही. संगणकावर एकाहून अधिक मायक्रोफोन असतात : पडद्यावरील, कॅमेऱ्यातील व हेडफोनचा. आज्ञावलीने भलताच मायक्रोफोन निवडला असेल, तर आवाज दूरवरून आल्यासारखा वाटतो. मायक्रोफोनवर बोटाने हलकेच टिचकी मारून पडद्यावरील पातळीदर्शक हलतो का ते पाहावे, म्हणजे कोणता मायक्रोफोन चालू आहे ते कळते.

जोडणीच्या पिनेचाही विचार करावा लागतो. भ्रमणध्वनीच्या हेडफोनची पिन चार भागांची असते, तर जुन्या संगणकांत ऐकण्यासाठी हिरवी व बोलण्यासाठी गुलाबी अशी दोन वेगळी भोके असतात. चार भागांची पिन हिरव्या भोकात बसते, ऐकूही येते, पण तिच्यातील मायक्रोफोन कोठेच जोडला जात नाही. यासाठी दोन पिनांचा जोड मिळतो. ब्लूटूथ हेडफोनांबाबत वेगळी तक्रार आढळते. गाणी उत्तम ऐकू येतात, परंतु संभाषण सुरू होताच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. गाण्यांच्या वेळी ध्वनी एकाच दिशेने वाहतो; मायक्रोफोन चालू झाला की दोन्ही दिशांना ध्वनी न्यावा लागतो व जुन्या पद्धतीत नमुन्यांचा दर ८,००० किंवा १६,००० पर्यंत उतरतो. हा हेडफोनमधील बिघाड नव्हे. हेडफोन ऐकण्यापुरताच ठेवून बोलण्यासाठी यंत्राचा स्वतःचा मायक्रोफोन निवडल्यास ऐकू येणारा आवाज पूर्ववत होतो.

घंटी वाजते, उत्तरही दिले जाते, पण आवाज एकाच दिशेने जातो किंवा मुळीच जात नाही, असेही घडते. घंटीचा निरोप व प्रत्यक्ष ध्वनी हे वेगवेगळ्या मार्गांनी जातात, हे याचे कारण. कार्यालये, महाविद्यालये व वसतिगृहे यांच्या जाळ्यांत सुरक्षिततेसाठी बसविलेल्या अटकावांमुळे पहिला मार्ग खुला व दुसरा बंद असू शकतो. जाळे बदलून, उदा., वाय-फाय सोडून भ्रमणध्वनीच्या इंटरनेटवरून संभाषण करून पाहिल्यास याचा उलगडा होतो.

तुटक आवाज : पॅकेटे हरवणे व त्यांच्या येण्याच्या वेळेत चढउतार होणे या दोन कारणांनी बोलणे तुटते. एखादे पॅकेट हरवल्यास आज्ञावली आधीच्या ध्वनीवरून ती फट भरून काढते आणि ऐकणाऱ्यास ते समजतही नाही. लागोपाठ अनेक पॅकेटे हरवल्यास ही भर कृत्रिम होऊन आवाज धातूचा किंवा यंत्रमानवासारखा वाटतो. पॅकेटे एकदम साचून आली, तर आज्ञावली ती उरकण्यासाठी बोलण्याचा वेग वाढविते. शब्द घाईने ओतल्यासारखे ऐकू येतात, ते यामुळे.

घरातील वाय-फाय हे यातील सर्वांत दुबळे ठिकाण असते. मधल्या जाड दगडी भिंती, शेजाऱ्यांची वाय-फाय यंत्रे, २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातच काम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी यांचा उपद्रव होतो. शक्य असल्यास संगणक तारेने जोडावा. नसल्यास वाय-फाय यंत्राच्या खोलीत बसावे. घरातील दुसरे कोणी त्याच वेळी छायाचित्रे वा चलच्चित्रे पाठवीत असेल, तर बाहेर जाणारी वाहिनी त्या पॅकेटांनी भरते व बोलण्याची पॅकेटे रांगेत अडकतात. वेग मोजणारी आज्ञावली अशा वेळी चांगला आकडा दाखवील, पण बोलणे तुटतच राहील. भ्रमणध्वनीवर बोलताना मनोऱ्यावरील गर्दीचा परिणाम होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी अथवा जत्रेत एकाच मनोऱ्यावर अनेकांचा भार पडतो. आपले चलच्चित्र बंद करून केवळ ध्वनी चालू ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

विलंब हा तुटकपणाहून वेगळा. प्रकाशीय तंतूतून संकेत सेकंदास सु. २ लक्ष किमी. वेगाने जातो, म्हणजे दर १,००० किमी.ला ५ मिसे. लागतात. लासूर स्टेशन ते न्यू जर्सी हा प्रत्यक्ष केबलमार्ग १८,००० किमी. धरला, तर ९० मिसे. केवळ अंतरापोटी जातात व त्यात दोन्ही टोकांवरील साठवण मिळविली जाते. एकमार्गी विलंब १५० मिसे.पर्यंत असेल तर तो बहुतेक वापरास चालतो व तो ४०० मिसे.च्या वर जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सुचविले आहे. विलंब वाढला की दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात आणि पुन्हा एकदम सुरुवात करतात. हा स्वभावदोष नसून अंतराचा परिणाम आहे. तो दुरुस्त करता येत नाही, बोलण्याची रीत बदलून सहन करता येतो. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील केबली तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या दळणवळणाला मोठा फटका बसला होता. अशा प्रसंगी घरातील कोणताही उपाय चालत नाही.

गोंगाट व विरूपण : विजेवर चालणाऱ्या संगणकाशी हेडफोन जोडल्यावर सतत घुमणारा ‘हूं’ असा आवाज येत असेल, तर तो ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्याचा परिणाम असतो. दोन पिनांचा चार्जर व भूसंपर्क नसलेली घरातील जोडणी ही त्याची नेहमीची कारणे होत. चार्जर काढल्याबरोबर आवाज गेला, तर निदान पक्के. विवर्धन फार ठेवल्यास मोठ्या आवाजाची शिखरे कापली जाऊन आवाज फाटतो. ‘ऐकू येत नाही’ असे पलीकडून म्हणताच मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन ओरडण्याची सवय घातक ठरते, कारण पातळी राखणारी यंत्रणा आवाज आणखी दाबते. मायक्रोफोन ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूस, चार बोटांवर ठेवावा. त्यामुळे प, फ, भ यांसारख्या वर्णांबरोबर बाहेर पडणारा हवेचा झोत त्यावर आदळत नाही.

मराठीतील बोलण्यावर होणारा परिणाम : ध्वनिसंभाषणातील दोष सर्व भाषांना सारखेच बाधत नाहीत. जुन्या दूरध्वनीत ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पाठविला जाई व अरुंद वाहिनीवर आजच्या आज्ञावलीही तेवढ्यावर येतात. स या वर्णाची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. ती कापली गेल्यावर स, श व फ यांतील भेद पुसट होतो. त्यातच स चा ध्वनी स्वरूपाने गोंगाटासारखा असल्याने गोंगाट कमी करणारी यंत्रणाही तो कमी करते. ‘साठ’ मधील स गळाला तर ‘आठ’ उरतात. बाजारभाव किंवा औषधाची मात्रा सांगताना हा फरक क्षुल्लक नाही. एकोणसाठ व एकोणसत्तर, त्रेपन्न व त्रेसष्ट अशा जोड्याही संशयास्पद होतात. उलट ट, ठ, ड, ळ यांसारख्या मूर्धन्य वर्णांची ओळख ज्यावर अवलंबून असते, ती लक्षणे बरीचशी अरुंद पट्ट्यात मावतात. त्यामुळे ते तितकेसे हरवत नाहीत.

दुसरा धोका वाक्यरचनेचा आहे. बोलणे थांबले आहे असे वाटताच आज्ञावली प्रेषण बंद करते व पुन्हा आवाज वाढला की सुरू करते. या सोयीने वाहिनी वाचते. मात्र शब्दाचा पहिला तुकडा व वाक्याचे हळू होत जाणारे शेवट तीत कापले जातात. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. मराठीत तो वाक्याच्या अगदी टोकाला, आवाज उतरत असताना येतो. ‘ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही’ यातील अखेरचा शब्द कापला गेला, तर राहिलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असते, अर्थ मात्र उलटा होतो. ऐकणाऱ्यास काही हरवल्याची शंकाही येत नाही. तुटलेला आवाज निदान तुटल्याचे सांगतो. हा दोष गुपचूप काम करतो. म्हणून ‘रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर घ्या’ अशी नकार आधी आणून मग होकारार्थी कृती सांगणारी रचना वापरावी. आज्ञावलीत गोंगाटनिवारणाची तीव्रता निवडण्याची सोय असल्यास शांत खोलीत ती कमी ठेवणे इष्ट.

महत्त्वाच्या संभाषणातील दक्षता : भारत सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत केवळ ध्वनीद्वारे दिलेल्या सल्ल्यालाही, काही मर्यादांसह, मान्यता आहे. न्यायदानात हा प्रश्न त्याहून आधी उपस्थित झाला होता. मुंबईतील एका खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष दूरदृश्य पद्धतीने नोंदविता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी दिला. साक्षीतील ‘हो’ किंवा ‘नाही’ नीट ऐकू येणे हा तेथे तांत्रिक सोयीचा नव्हे, तर न्यायाचा प्रश्न असतो. ऐकू न आलेला शब्द अंदाजाने भरण्याऐवजी पुन्हा विचारणे, हे अशा ठिकाणी कर्तव्यच ठरते. रुग्ण वा वयस्क माणसे संकोचाने ‘ऐकू आले’ असे म्हणतात. म्हणून ‘कळले का?’ असे न विचारता ‘मी काय सांगितले ते सांगा’ असे म्हणणे अधिक उपयोगी पडते.

या बाबतीत रेल्वेची जुनी रीत बोधप्रद आहे. आवाज खराब असणाऱ्या तारांवरून गाडीविषयीचे निरोप सुरक्षितपणे देण्याची गरज लासूर स्टेशनसारख्या रेल्वेस्थानकांना इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून होती. भारतीय रेल्वेत गाडी येण्यापूर्वी फाटक बंद झाल्याची खात्री करून घेताना स्थानकप्रमुख व फाटकावरील कर्मचारी दूरध्वनीवरून एकमेकांना खासगी क्रमांक देतात व तो नोंदवून ठेवतात. केवळ ‘ठीक आहे’ एवढ्या उत्तरावर भिस्त ठेवली जात नाही. ऐकले ते क्रमांकाने सिद्ध करावे लागते. तीच युक्ती घरगुती संभाषणातही चालते. रक्कम, तारीख, गाडीची वेळ, गोळ्यांची संख्या हे एकदा शब्दाने व एकदा अंकाअंकाने सांगावे : ‘साठ, सहा शून्य’. पलीकडच्याने तसेच उलट म्हणून दाखवावे आणि संभाषण संपल्यावर तेवढाच मजकूर लिहून पाठवावा. लेखी संदेशाला पोहोचण्यास उशीर झाला, तरी त्यातील अक्षरे गळत नाहीत.